टीममधली माणसं चांगली, तरी काम अडतंच. तुमच्याकडे नक्की काय केल्याने फरक पडला?

तिसरी_पाळी (२ जून, रात्री ११:४८)

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी मेंटेनन्सला आहे, बारा वर्षं झाली. मार्चमध्ये मला सेक्शन इनचार्ज केलं. माझ्याकडे १४ जण आहेत, ६ पर्मनंट, ५ कंत्राटी, ३ ट्रेनी. पाळ्या तीन, ७ ते ३, ३ ते ११, ११ ते ७. एकेक माणूस घेतला तर कामाला वाघ आहे, रात्री दोन वाजता फोन केला तरी घरून येणारे आहेत यातले. पण सगळे मिळून जे व्हायला पाहिजे ते होतच नाही.

एक प्रसंग सांगतो म्हणजे कळेल. पंधरा दिवसांपूर्वी दुसऱ्या पाळीत ३ नंबरच्या हायड्रॉलिक प्रेसचा पार्ट आहे की नाही ते बघणारा सेन्सर गेला. स्टोअरला स्पेअर नव्हता, टार्गेट बाकी होतं, म्हणून कुणीतरी पॅनेलमध्ये जंपर (वायरचा तुकडा) टाकून सेन्सर बायपास केला आणि प्रेस चालू करून दिली. रजिस्टरमध्ये लिहिलं 'प्रेस ३, सेन्सर प्रॉब्लेम, अटेंड केला, ओके'. तिसऱ्या पाळीतल्या पोरांनी ओके वाचलं आणि विश्वास ठेवला. पहाटे एक पार्ट डायमध्येच (साच्यात) अडकून राहिला, सेन्सरने सांगायचा प्रश्नच नव्हता, त्याच्यावर दुसरा पार्ट बसला आणि वरून प्रेस आली. डायला तडा गेला. कुणाला लागलं नाही हे नशीब. लाईन ३१ तास बंद. मी चार वाजता पोचलो, बॅटरी घेऊन पॅनेल उघडलं तर आत चार बोटं लांबीची लाल वायर, दोन्ही टोकं नीट सोललेली, स्क्रू घट्ट आवळलेले. काम अगदी सुबक केलं होतं, म्हणजे करणारा माझ्यातलाच जाणकार माणूस.

सकाळी सगळ्यांना बसवून विचारलं, कुणी केलं? सगळ्यांना माहिती होतं. एकजण बोलला नाही. नऊ माणसं खाली मान घालून स्वतःचे सेफ्टी शूज बघत बसली होती, ते चित्र अजून डोळ्यांपुढून जात नाही.

हे एकच नाही. पहिली पाळी म्हणते दुसरीने केलं, दुसरी म्हणते आम्हाला असंच मिळालं. जुने लोक नवीन पोरांना हातचं राखून शिकवतात. मीटिंगमध्ये शांतता आणि मीटिंग सुटली की चहाच्या टपरीवर सगळी चर्चा. तोच ब्रेकडाऊन महिन्यात तिसऱ्यांदा. एचआरने लोणावळ्याला एक दिवसाचं शिबिर ठेवलं, रस्सीखेच, फुगे फोडणे, सगळं झालं, मजा आली, सोमवारी परत जैसे थे.

तर विचारायचं हे की तुमच्या ऑफिसात, दवाखान्यात, शाळेत, कुठेही, नक्की काय केलं की फरक पडला? भाषण नको, केलेली गोष्ट सांगा.

घाटमाथा (३ जून, सकाळी ७:०५)

वाचतोय. आमच्याकडेही रस्सीखेच झाली होती, प्लांट हेड ज्या बाजूला होते ती बाजू जिंकली :)

स्पष्ट_बोलतो (३ जून, सकाळी ९:२०)

राग मानू नका पण तुम्ही फार मऊ वागताय. पॅनेलमध्ये वायर टाकणं ही चूक नाही, गुन्हा आहे. उद्या ऑपरेटरचा हात गेला असता तर त्याच्या बायकोला काय सांगणार होतात, की माणसं चांगली आहेत म्हणून? मी २२ वर्षं प्रॉडक्शन बघतोय. एकाला मेमो गेला की बाकी १३ सरळ होतात. शोधा, कारवाई करा, विषय संपवा.

पांढरा_एप्रन (३ जून, दुपारी ४:३३)

मी मोठ्या सरकारी हॉस्पिटलमध्ये १९ वर्षं नर्स आहे, तुमचं वाचताना सारखं वाटत होतं की हे आमच्या वॉर्डाचंच चाललंय.

आमच्याकडेही तीन ड्युट्या. ड्युटी बदलताना हँडओव्हर असतो, आम्ही नुसतं 'ओव्हर' म्हणतो. पूर्वी ओव्हर टेबलावर व्हायची, रजिस्टर उघडायचं, बेड १ ठीक, बेड २ ठीक, सही, चालले. एकदा एका पेशंटला दुपारी अंगावर पुरळ आलं होतं, ड्युटीवरच्या मुलीने डॉक्टरांना सांगून औषध थांबवलं पण ओव्हरमध्ये सांगायचं राहिलं, कारण तिची लोकल चुकत होती. रात्री तेच औषध परत चढलं. पेशंट वाचला, पण त्या रात्रीची धावपळ मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्यानंतर आमच्या सिस्टरांनी टेबलावरची ओव्हर बंद केली. प्रत्येक बेडपाशी उभं राहून द्यायची, देणारी आणि घेणारी दोघी, पेशंटसमोर. सुरुवातीला सगळ्यांनी कटकट केली, मीसुद्धा. पण बेडपाशी उभं राहिलं की सलाईन दिसतं, लघवीची पिशवी दिसते, पेशंट स्वतः सांगतो की ताई दुपारी मला खाज सुटली होती. रजिस्टर हे सांगत नाही.

दुसरं म्हणजे ऑपरेशन थिएटरची चेकलिस्ट. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये काढलेली, १९ मुद्द्यांची. त्यात चिरा देण्याआधी सगळ्यांनी आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं असतं. मला आधी हा पोरखेळ वाटला होता. पण एकदा नाव सांगायला तोंड उघडलेली ज्युनियर मुलगी नंतर 'सर, एक मॉप (रक्त टिपायचं कापड) कमी आहे' हेही म्हणू शकते. नाहीतर ती गप्पच उभी राहते. आठ शहरांतल्या हॉस्पिटलांत ही यादी वापरून बघितली होती, त्यात दिल्लीही होतं. ऑपरेशननंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आले. निष्कर्ष २००९ मध्ये छापून आले.

आता तुम्हाला एक प्रश्न. याआधी तुमच्याकडे कुणी रजिस्टरमध्ये खरं लिहिलं होतं का? आणि लिहिलं होतं तर त्याचं पुढे काय झालं?

माहेरवाशीण (३ जून, संध्याकाळी ६:१०)

पांढरा_एप्रन, शेवटच्या प्रश्नासाठी +१०१.

तिसरी_पाळी (४ जून, रात्री १२:२६)

पांढरा_एप्रन ताई, तुमचा प्रश्न दुपारी बसमध्ये वाचला आणि उत्तर लगेच आठवलं, पण लिहायला रात्र झाली.

हो, लिहिलं होतं. दीड वर्षापूर्वी आमच्यातल्या एका इलेक्ट्रिशियनने 'तात्पुरती जोड दिली आहे, स्पेअर आला की काढणे' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं. पुढच्याच आठवड्यात कस्टमरचं ऑडिट होतं, ऑडिटरने ते पान उघडलं. त्या माणसाला मेमो मिळाला. तो मेमो त्याच्या हातात देणारा मी होतो, तेव्हा मी शिफ्ट इंजिनियर होतो. त्याने माझ्याकडे बघितलं, सही केली, कागद घडी करून खिशात घातला आणि कामाला लागला. आज मुद्दाम जुनी रजिस्टरं काढून बसलो. त्या तारखेनंतर 'तात्पुरती' हा शब्द कुठेही नाही. सगळीकडे ओके.

स्पष्ट_बोलतो साहेब, तुमचा मुद्दा हाताबद्दलचा आहे तो मला मान्य आहे, पूर्ण मान्य आहे. पण मेमो देऊन १३ जण सरळ झाले नाहीत, १३ जण गप्प झाले.

स्पष्ट_बोलतो (४ जून, सकाळी ८:४१)

मेमोचं मला माहिती नव्हतं. खरं लिहिणाऱ्याला मेमो देणं चूकच होती. पण न लिहिणाऱ्याला मोकळं सोडणंही चूकच, एवढं मी म्हणणार.

सूतगिरणी (४ जून, सकाळी ११:१५)

आम्ही इचलकरंजीचे, घरात तीन पिढ्या माग. लोक टोयोटाची गाडी बघतात, पण त्यांचा मूळ धंदा आमचाच. साकिची टोयोडा हा मागवाला माणूस. त्याचं डोकं असं चाललं की साध्या मागावर धागा तुटला तरी माग चालूच राहतो, कामगाराचं लक्ष जाईपर्यंत हातभर कापड वाया जातं. त्याने असा माग केला की ताण्याचा (उभा) धागा तुटला की माग आपोआप थांबणार. १९२४ ला त्यांचा जी टाईप माग आला, पुढे १९२९ मध्ये त्याचं पेटंट इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सला विकलं आणि तो पैसा मोटारीच्या कामाला लागला.

तेच डोकं पुढे गाड्यांच्या कारखान्यात आलं. लाईनवरच्या कुठल्याही कामगाराने दोरी ओढायची, दिवा लागतो, टीम लीडर धावत येतो, दोघांनी मिळून ठराविक वेळात सुटलं नाही तर लाईन थांबते. इथे थांबवणाऱ्याला शिव्या बसत नाहीत, उलट न थांबवता दोष पुढे ढकलणाऱ्याला विचारतात. माझ्या आजोबांकडे तर उलटं होतं, माग थांबला की मुकादम ओरडायचा, म्हणून कामगार तुटका धागा गाठ मारून तसाच चालवायचे आणि ती गाठ व्यापाऱ्याकडे गेल्यावर सापडायची. तुमची लाल वायर म्हणजे तीच गाठ आहे.

घाटमाथा (४ जून, सकाळी ११:३१)

म्हणजे धागा तुटला की थांबायचं. ॲडमिन साहेब, इथेही लागू करा, प्रत्येक धागा तिसऱ्या पानावर तुटतो :)

हिंजवडी_फाटा (४ जून, रात्री १०:०२)

आयटीतून लिहितोय. आमच्याकडे रोज सकाळी १५ मिनिटांचा स्टँडअप असतो, त्याचा मूळ हेतू कुणाचं काय अडलंय ते सांगायचं आणि सोडवायचं. झालंय काय तर हजेरी. 'काल हे केलं, आज ते करणार, नो ब्लॉकर्स.' बारा जण बारा वेळा नो ब्लॉकर्स म्हणतात आणि रिलीज दोन आठवडे पुढे जाते.

गूगलने २०१२ पासून स्वतःच्या १८० टीम तपासल्या होत्या, चांगली टीम कशाने होते ते शोधायला. त्यांना वाटलं होतं हुशार माणसं एकत्र आणली की झालं. निघालं वेगळंच, टीममध्ये कोण आहे यापेक्षा ते एकमेकांशी कसं वागतात याला जास्त महत्त्व, आणि सगळ्यात वर हे की इथे मी चुकलो किंवा मला कळलं नाही असं म्हटलं तर माझी लाज काढणार नाहीत ना. अमेरिकेत एमी एडमंडसन म्हणून प्राध्यापक आहेत, त्यांनी त्याच्या खूप आधी हॉस्पिटलांमध्ये हेच बघितलं होतं. औषधांच्या चुका मोजायला गेल्या तर ज्या टीम चांगल्या त्यांच्याच चुका जास्त नोंदलेल्या. नंतर लक्षात आलं की त्या जास्त चुकत नव्हत्या, जास्त सांगत होत्या. म्हणजे तुमच्या रजिस्टरमधलं 'सगळं ओके' ही चांगली खूण नाहीच.

आम्ही केलेली एकच गोष्ट सांगतो जी टिकली. लीडने मीटिंगमध्ये शेवटी बोलायचं. आधी आमचा लीड सुरुवातीलाच 'मला वाटतं असं करूया' म्हणायचा आणि त्यानंतर कोण कशाला तोंड उघडेल. आता सर्वात नवीन मुलगी आधी बोलते, मग चढत्या क्रमाने. पहिले दोन आठवडे अवघड शांतता होती. तिसऱ्या आठवड्यात तिने सांगितलं की प्रोग्रॅम तपासणारी अमुक टेस्ट गेले चार महिने चालतच नाहीये, सगळे स्क्रीनवर हिरवं (म्हणजे पास) बघून पुढे जातायत.

कंत्राटी (५ जून, सकाळी ६:५०)

रात्रपाळी करून आलोय, चुकलं तर माफ करा. तुमच्या धाग्यात '६ पर्मनंट, ५ कंत्राटी' एवढं एका ओळीत येऊन गेलं आणि कुणी त्याच्यावर बोललंच नाही म्हणून लिहितो.

मी पण अशाच एका कंपनीत फिटर आहे, आयटीआय झालेला, सात वर्षं झाली, तीन ठेकेदार बदलले, मी तिथेच. माझ्या शेजारचा पर्मनंट माणूस आणि मी एकाच मशीनवर एकच पाना धरतो. त्याचा पगार माझ्या अडीचपट. त्याचा गणवेश निळा, माझा करडा. त्याची बस वेगळी. दिवाळीला त्याला बोनस आणि मिठाई, मला मिठाई. तुम्ही टीम टीम म्हणता ते ऐकायला बरं वाटतं, पण मला दर अकरा महिन्यांनी ब्रेक मिळतो (कामावरून कमी करून परत घेतात), मी मीटिंगमध्ये उठून साहेबांच्या माणसाची चूक सांगितली तर पुढच्या ब्रेकनंतर गेट पास निघेल याची खात्री मला कोण देणार. मी गप्प बसतो ते मला कळत नाही म्हणून नाही. मशीनचा आवाज बदलला की पहिल्यांदा मला कळतो, मी तिच्या शेजारी आठ तास असतो.

कंत्राटी कामगारांचा कायदा १९७० मध्येच झाला, सारख्या कामाला सारखा पगार हे कागदावर कधीपासून आहे. ते राहू द्या, ते तुमच्या हातात नाही. पण तुमच्या हातात जे आहे ते सांगतो. तुमच्या पाच जणांना नावाने हाक मारता का? की 'ए ठेकेदारीवाला'? मीटिंगला बोलावता का की ते मशीनपाशी थांबतात आणि तुम्ही 'टीम मीटिंग' करता?

तिसरी_पाळी (५ जून, सकाळी ९:३०)

दादा, त्या सकाळी मीटिंगला नऊच जण होते. पाच जण मशीनपाशी होते. तुम्ही विचारेपर्यंत हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मनापासून आभार.

माहेरवाशीण (५ जून, दुपारी १:१२)

कंत्राटी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी शाळेत आहे, आमच्याकडे तासिका तत्त्वावरचे शिक्षक असतात, स्टाफरूममध्ये त्यांना कपाट नाही. आज विषय काढणार आहे.

नेकार_काठ (५ जून, संध्याकाळी ७:४०)

श्टुटगार्टहून. रस्सीखेचीचा विषय निघालाय म्हणून, माक्स रिंगेलमान नावाच्या फ्रेंच शेतकी इंजिनियरने खरोखरच माणसांना दोरी ओढायला लावून जोर मोजला होता, १९१३ ला ते प्रसिद्ध झालं. एकटा माणूस जेवढा ओढतो तेवढा गटात ओढत नाही, आठजण लावले तर प्रत्येकाचा जोर निम्म्यावर येतो. लोक हे ऐकून लगेच म्हणतात, बघा, गटात माणूस आळशी होतो. पण रिंगेलमानचं स्वतःचं मत मुख्यतः असं होतं की सगळ्यांचा हिसका एका क्षणी बसत नाही म्हणून जोर वाया जातो. आळस हे कारण आहेच, नंतरच्या प्रयोगांत तेही दिसलं, पण आधी ताल बघावा. आपल्याकडे जड वस्तू ओढताना एकजण आरोळी देतो आणि बाकीचे 'हैशा' म्हणतात ते उगाच नाही.

इथे जर्मनीत कारखान्यात पाळी बदलताना मी जिथे काम केलं तिथे काही मिनिटं दोन्ही पाळ्या एकत्र असायच्या, पगारी वेळेत. तुमच्याकडे दोन पाळ्या किती वेळ एकत्र असतात?

टोपी_आणि_डबा (६ जून, सकाळी १०:२५)

आमचं गाव खेड तालुक्यातच, तुमच्या चाकणपासून पाऊण तासावर. वडील आणि चुलते मुंबईत डबे पोचवायचे. १८९० पासूनचा हा धंदा, महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेला. लोक रंगाच्या खुणांचं आणि अचूकपणाचं फार कौतुक करतात पण आतली गोष्ट वेगळी आहे. तिथे पगारी नोकर नाही, गटातले सगळे भागीदार, महिन्याची कमाई वाटून घेतात. त्यामुळे एकाचा डबा चुकला तर नुकसान सगळ्यांचं. आणि गटात एकदोन माणसं जास्तीची ठेवलेली असतात, कुणी आजारी पडला, लोकल चुकली, तर त्याची लाईन लगेच दुसरा उचलतो. वडील म्हणायचे, रिकामा दिसणारा माणूस रिकामा नसतो, तो अडचणीसाठी राखलेला असतो. कंपन्या पहिल्यांदा हाच माणूस कमी करतात. आणि लॉकडाऊनमध्ये लोकल बंद झाल्या तेव्हा या एवढ्या एकजुटीच्या धंद्याचं काय झालं ते आम्ही घरात बघितलं, कितीतरी जण गावाला शेतीवर परत आले. टीम कितीही चांगली असली तरी पायाखालची लोकल पाहिजे.

स्पष्ट_बोलतो (६ जून, सकाळी ११:०३)

जास्तीच्या माणसाचं एकदम पटलं. आमच्याकडे रिलीव्हर काढून टाकले तेव्हापासून रजा कुणाला मिळत नाही आणि आजारी माणूस मशीनवर उभा असतो.

बँकवाली (७ जून, रात्री ९:१५)

जुने लोक हातचं राखून शिकवतात या मुद्द्यावर. आमच्या बँकेचं विलीनीकरण झालं तेव्हा दोन बँकांचे लोक एका ब्रँचमध्ये बसले. सहा महिने 'तुमच्याकडे' आणि 'आमच्याकडे' असंच चालायचं, जेवणाचे डबेसुद्धा दोन टेबलांवर. आमच्यात एक वयस्कर काका होते, लॉकरच्या जुन्या नोंदी त्यांच्याशिवाय कुणाला लागत नव्हत्या. कुणालाही दाखवायचे नाहीत, आम्ही त्यांना खडूस म्हणायचो. नवीन मॅनेजर बाई आल्या, त्यांनी एक दिवस काकांना विचारलं, तुम्हाला कशाची काळजी वाटते? काका म्हणाले, हे सगळं लिहून दिलं की माझी बदली गडचिरोलीला करतील, बायकोचं डायलिसिस इथे चालू आहे. एवढंच होतं. बाईंनी बदलीचं विनंतीपत्र वर पाठवून स्वतः पाठपुरावा केला, आणि मग रोज दुपारी अर्धा तास काका सांगायचे आणि मी टाईप करायचे. त्या फाईलवर आजही काकांचंच नाव आहे.

तुमच्या जुन्या लोकांना कशाची भीती आहे ते एकदा एकेकट्याला विचारा, सगळ्यांसमोर नको.

टाळकरी (१९ जून, पहाटे ५:२०)

धागा खाली गेलेला, वर काढतोय. वारीची तयारी चाललीये म्हणून डोक्यात आलं.

माउलींच्या पालखीत रोज मुक्कामी समाज आरती होते. सगळ्या दिंड्या गोल उभ्या, हजारो टाळ वाजत असतात. चोपदार दंड उंच करतात आणि एका क्षणात सगळे टाळ बंद. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, रस्त्यात धक्काबुक्की झाली, जागा मिळाली नाही, काहीही, त्या दिंडीने टाळ वाजवतच राहायचं. सगळीकडे शांत आणि एकाच कोपऱ्यातून टाळ. मग चोपदार तिथे जातात, काय ते ऐकून घेतात, समाधान झालं की ते टाळ थांबतात आणि मगच पुढचं होतं. हरवलं-सापडलंही तिथेच पुकारतात. माझ्या आजोबांनी एकदा पाण्याच्या टँकरवरून असे टाळ वाजवले होते, आम्ही लहान होतो, मला वाटलं आता आजोबांना ओरडणार. चोपदार आले, वाकून ऐकलं, दुसऱ्या दिवशी टँकर आला.

रोज, सगळ्यांसमोर, तक्रार करायची ठरलेली वेळ आणि ऐकणारा ठरलेला माणूस. तुमच्या सेक्शनला अशी वेळ कोणती?

सूतगिरणी (१९ जून, सकाळी ९:४४)

अंगावर काटा आला वाचून. किती वर्षं वारी बघतोय टीव्हीवर, हे लक्षातच आलं नव्हतं.

घाटमाथा (१९ जून, सकाळी १०:१२)

टाळकरी, यंदा दिवेघाटात भेटू. तुमच्या दिंडीत पिठलं-भाकरी कुठल्या मुक्कामाला असते तेही सांगून ठेवा.

टाळकरी (१९ जून, रात्री ८:३०)

सासवडला या, दोन दिवस मुक्काम आहे. जेवल्याशिवाय सोडणार नाही.

तिसरी_पाळी (८ जुलै, रात्री ११:३७)

मंडळी, महिनाभर गायब होतो. तुम्ही एवढं मनापासून लिहिलंत तर काय झालं ते सांगणं माझं कर्तव्य आहे.

नेकार_काठ यांनी विचारलेलं, दोन पाळ्या किती वेळ एकत्र असतात? मी म्हटलं असतील दहा मिनिटं. दुसऱ्या दिवशी घड्याळ घेऊन गेटवर उभा राहिलो. पहिल्या पाळीची बस ३:१० ला सुटते. गेटवर पंचिंग आणि तपासणीची रांग असते, म्हणून लोक २:५० ला हात धुवायला जातात. दुसऱ्या पाळीची बस २:५० ला येते, पंचिंग, शूज बदलणे, फ्लोअरवर यायला ३:०५. म्हणजे माझ्या दोन पाळ्यांची माणसं एकमेकांना भेटतात कुठे, तर गेटवर, लोखंडी रेलिंगच्या दोन बाजूंना, चालता चालता. 'काय रे, ठीक ना?' 'ठीक.' हाच आमचा हँडओव्हर. गेली कित्येक वर्षं. आणि मी बारा वर्षं यांची वृत्ती बदलायला निघालो होतो.

बस दहा मिनिटं उशिरा सोडा म्हटलं तर ॲडमिनने नाही म्हटलं आणि कामगारांनीही, त्यांचं बरोबर आहे, त्यांची घरी जायची वेळ का खायची. मग असं ठरलं की प्रत्येक पाळीतला एकजण आळीपाळीने अर्धा तास थांबणार, त्याचा ओव्हरटाईम मिळणार, आणि दिवसा असो की रात्री, नंतरच्या स्टाफच्या गाडीने जाणार. ओव्हरटाईमसाठी मला प्लांट हेडपुढे तीनदा जावं लागलं. तिसऱ्यांदा ३१ तासांचं नुकसान कागदावर मांडून नेलं तेव्हा सही झाली. ओव्हर आता मशीनपाशी होते, पांढरा_एप्रन ताईंच्या बेडसारखी. देणारा आणि घेणारा, दोघं पॅनेल उघडून बघतात.

दुसरं, लाल टॅग केले, १ ते १० नंबरचे. तात्पुरती जोड द्यावी लागली तर टॅग लावायचा, नाव, तारीख, काय केलं ते लिहायचं. स्पष्ट_बोलतो साहेबांचा मुद्दा डोक्यात ठेवून एक रेषा आखली. लाईट कर्टन (हात आत गेला की प्रेस थांबवणारा प्रकाशाचा पडदा), दोन हातांची बटणं, इमर्जन्सी स्टॉप, माणसाच्या अंगाशी संबंध असलेल्या कशालाही टॅग लावूनसुद्धा बायपास नाही, प्रेस बंद म्हणजे बंद. हे न पाळल्यास कारवाई, सगळ्यांसमोर सांगितलं. पण टॅग लावणाऱ्याला मेमो नाही, हे प्लांट हेडनी स्वतः फ्लोअरवर येऊन सांगितलं. चौदाही जण होते. जुना मेमो फाईलमधून निघाला नाही, एचआरने नकार दिला. मी त्या माणसाची माफी मागितली, सगळ्यांसमोर. तो फक्त 'असू दे साहेब' म्हणाला.

त्याच रात्री दोन वाजता माझ्या केबिनच्या दारात एकजण आला. 'साहेब, ती वायर मी लावली होती.' आमच्यातला सगळ्यात हुशार हात. स्पेअर नव्हता, सुपरवायझर डोक्यावर उभा होता, आणि लिहिलं असतं तर काय होतं ते त्याने आधी बघितलं होतं, कारण तो मेमोवाल्याचा सख्खा शेजारी. पहिला लाल टॅग त्यानेच लावला, चार दिवसांनी, ५ नंबरच्या प्रेसवर.

जे झालं नाही तेही सांगतो. कंत्राटी दादा, तुमच्या लोकांची बस ठेकेदाराची आहे, ती बरोबर ३ ला सुटते, ठेकेदार अर्ध्या तासाचा ओव्हरटाईम द्यायला तयार नाही, त्यामुळे ओव्हरला अजून फक्त पर्मनंट आणि ट्रेनीच थांबतात. पाचही जण मीटिंगला मात्र येतात आणि हिंजवडी_फाटा म्हणाले तसं मी शेवटी बोलतो. गेल्या आठवड्यात त्यातल्याच एकाने सांगितलं की २ नंबरच्या पंपाचा आवाज बदललाय. उघडला तर बेअरिंग गेलेलं होतं. आणि जुन्यांपैकी एकजण अजून काही दाखवत नाही, बँकवाली ताईंचं ऐकून एकट्याला विचारलं, 'काही नाही' म्हणाला. परत विचारेन.

कंत्राटी (९ जुलै, सकाळी ६:४१)

पंपाचा आवाज ज्याने सांगितला त्याचं नाव रजिस्टरला लिहा. ठेकेदाराचं नाही, त्याचं.

तिसरी_पाळी (९ जुलै, सकाळी ८:१०)

लिहिलंय. आज त्याला दाखवतो.

स्पष्ट_बोलतो (९ जुलै, सकाळी ९:५५)

रेषा आखलीत हे बरं केलंत. ठेकेदाराशी बोलताना सेफ्टीचा मुद्दा पुढे करा, ओव्हरटाईमचा नको. पाळी बदलताना माहिती न मिळालेला माणूस मशीनवर उभा करणं ही जबाबदारी कंपनीवर येते, हे लेखी द्या. मी आमच्याकडे दिलं होतं, लागू पडलं. मसुदा हवा असेल तर विपूत (विचारपूस) निरोप टाका.

पांढरा_एप्रन (९ जुलै, दुपारी ३:२०)

वाचून फार बरं वाटलं. टॅग किती लटकतायत सध्या? आमच्याकडे सुरुवातीला अशा नोंदी वाढल्या की वरचे घाबरतात आणि बंद करा म्हणतात, तेव्हा मागे हटू नका.

तिसरी_पाळी (१० जुलै, सकाळी ६:३०)

काल रात्री चार होते. तीन ठीक आहेत, स्पेअर वाटेत आहे. ७ नंबरचा टॅग १९ दिवस तसाच आहे, सोलेनॉइड व्हॉल्व्हचा, स्टोअर म्हणतं ऑर्डर गेली, परचेस म्हणतं आलीच नाही. टॅगचा फोटो काढलाय, आज दोघांना त्याच प्रेसपाशी बोलावलंय, साडेदहाला.